फ्रॅक्चरचे कोड देताना या चुका टाळा

अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदी पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून कोड करणाऱ्यांकडे फ्रॅक्चरचा चार्ट परत येतो, तेव्हा हाड बहुधा बरोबर ओळखलेले असते आणि चूक निघते ती निदानाच्या कोडच्या सातव्या अक्षरात. १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथे लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या कोड-प्रणालीत हे अक्षर रुग्ण कितव्यांदा आला हे नव्हे, तर उपचार कोणत्या टप्प्यावर आहेत हे सांगते.

उजव्या मनगटाचे कोलिस फ्रॅक्चर (मनगटाजवळ मोडलेले अग्रबाहूचे हाड) घ्या. इमर्जन्सी विभागात स्प्लिंट बांधून पाठवलेल्या रुग्णावर चार दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी प्लेट बसवली, तर दोन्ही वेळी कोड एस५२.५३१ए हाच राहतो, कारण शेवटच्या ‘ए’ने दाखवले जाणारे सक्रिय उपचार चालूच आहेत. पुढे हाड जुळत आले का हे पाहण्यासाठी नुसता एक्स-रे काढला, की ‘ए’च्या जागी ‘डी’ (नीट भरून येणाऱ्या हाडाची पुढील तपासणी) येते. तेथे झेड मालिकेतील आफ्टरकेअरचा (उपचारांनंतरच्या देखभालीचा) कोड लावणे चूक आहे. हाड जुळलेच नाही म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया झाली, तर ती सक्रिय उपचारच असल्याचे मानून अनेक जण ‘ए’ देतात. बंद (हाडापर्यंत जखम नसलेल्या) फ्रॅक्चरसाठी तेथे न जुळलेले हाड दाखवणारे ‘के’ हवे. मात्र रुग्ण उपचारांसाठीच उशिरा, म्हणजे हाड न जुळलेल्या अवस्थेत प्रथमच आला असेल, तर ‘ए’ योग्य ठरते.

नोंदीत उघडे की बंद हे लिहिले नसेल तर बंद, आणि सरकलेले की न सरकलेले हे नसेल तर सरकलेले धरावे, असा नियम आहे. अग्रबाहू, मांडीचे हाड आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय यांच्या उघड्या फ्रॅक्चरमध्ये गस्टिलो प्रकार (जखमेच्या तीव्रतेचे वर्गीकरण) दिलेला नसल्यास ‘बी’ द्यावे. जखमेचे वर्णन वाचून स्वतःच ‘सी’ (अधिक गंभीर प्रकार) ठरवू नये. घोट्याच्या फ्रॅक्चरच्या एस८२.६१एक्सए या कोडमधील ‘एक्स’, म्हणजे रिकामी जागा भरणारे अक्षर, गाळले तर कोडच अवैध होतो, हे वेगळे सांगायला नको.

सर्वांत महागडी गल्लत वयस्कर रुग्णांच्या बाबतीत होते. ऑस्टिओपोरोसिसची नोंद असलेल्या आजी न्हाणीघरात घसरल्या आणि निरोगी हाड मोडले नसते अशा किरकोळ पडण्याने खुबा मोडला, तर ‘पडल्या’ हा शब्द पाहून एस७२ (मांडीच्या हाडाचे इजेमुळे झालेले फ्रॅक्चर) कडे धावू नये; कोड एम८० (ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेले फ्रॅक्चर) गटातला येतो, आणि त्यातील जागा मोडलेल्या हाडाची असते. चार्टमध्ये ऑस्टिओपोरोसिसचा उल्लेखच नसेल, तर केवळ वयावरून तो गृहीत न धरता डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवावी.