कुशच्या राजांचे पुतळे ओळखताना या चुका टाळा

‘इजिप्तचा काळा फॅरो’ अशा मथळ्याचा फोटो समोर आला की चेहऱ्यात हरवून जाऊ नका, आधी कपाळ बघा. इजिप्तच्या राजाच्या कपाळावर सहसा एकच फणा काढलेला नाग असतो, आजच्या सुदानमधल्या, काही काळ इजिप्तवरही राज्य केलेल्या कुशच्या राजाच्या कपाळावर दोन. जोडीला डोक्यावर घट्ट बसलेली टोपी, तिच्याभोवती पट्टा, जाड मान आणि गळ्यातल्या दोरीत ओवलेली मेंढ्याची मुंडकी. मेंढा म्हणजे अमून देव.

पण दोन नाग दिसले की झालं, असंही नाही. इजिप्तच्या तिये राणीच्या कपाळावरही दोन नाग आहेत. उलट एकच नाग दिसला तर शेजारी खरवडल्याची खूण आहे का ते बघा. इजिप्तमधल्या कुशी राजांच्या प्रतिमांवरचा दुसरा नाग आणि त्यांची नावं पुढे इजिप्तचा राजा सामतिक दुसरा याच्या काळात छिन्नीने उडवली गेली.

दगड काळा म्हणून राजाच्या कातडीचा रंग ठरवायला निघू नका. गडद ग्रॅनाइट इजिप्तचे राजेही वापरत.

सर्वाधिक गोंधळ होतो तो मोडतोडीबद्दल. ‘काळाच्या ओघात भंगलेला’ असं बेधडक लिहिलं जातं. 2003 साली स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बोने यांच्या पथकाला सुदानमधल्या केर्माजवळच्या दुक्की गेल इथे एका खड्ड्यात सात पुतळ्यांचे तुकडे सापडले. राजे पाच: तहार्का, तनुतामनी, सेनकामनिस्केन, अनलामनी आणि अस्पेल्ता. त्याआधी 1916 मध्ये सुदानमधल्याच जेबेल बर्कलला अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइसनर यांना असाच साठा मिळाला होता. राजे तेच, आणि दोन्हीकडची यादी अस्पेल्तापाशीच थांबते. इ.स.पू. 593 मध्ये, बहुधा अस्पेल्ताच्याच काळात, सामतिकच्या फौजेने कुशवर स्वारी केली, तेव्हा हे पुतळे मुद्दाम फोडले आणि नंतर कुणीतरी तुकडे गोळा करून पुरले, असं म्हणूनच मानलं जातं.

याच पुतळ्यांची टोपी, दागिने, वस्त्र खडबडीत दिसतात. बाकी अंग मात्र आरशासारखं गुळगुळीत. काम अर्धवट राहिलं असं वाटतं, पण दगड तिथे मुद्दाम खरखरीत ठेवला, सोन्याचा मुलामा धरून राहावा म्हणून. सोनं गेलं, खरखर उरली.

चेहऱ्यावरून राजाचं नाव सांगणारेही भेटतात. त्यापेक्षा पुतळ्याच्या मागे जा. पाठीला लागून जो चपटा खांब असतो त्यावर नाव कोरलेलं असण्याची शक्यता जास्त. फोटो फक्त समोरूनच असेल तर नाव न टाकलेलं बरं.

सुदानात सापडलं म्हणजे कुशी, ही उलट बाजूची चूक. ब्रिटिश म्युझियममधले लाल ग्रॅनाइटचे दोन सिंह आले जेबेल बर्कलहून, पण ते घडवले इजिप्तच्या आमेनहोतेप तिसऱ्याने सुदानमधल्याच सोलेबच्या देवळासाठी. अमानिस्लो या कुशी राजाने पुढे त्यांवर आपलं नाव कोरलं. कुशची पुढची राजधानी मेरोए इथे 1910 मध्ये मिळालेलं रोमन सम्राट ऑगस्टसचं काशाचं डोकं तर चक्क रोमन. ते कुशी लोकांनी लुटून आणून देवळाच्या पायरीखाली पुरलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्यावर पडावा म्हणून. (मला विचाराल तर कुशबद्दल ही एक पायरी जितकं सांगते तितकं अनेक पुतळे सांगत नाहीत.)

राहता राहिलं व्हॉट्सअ‍ॅप. कुश म्हणजे लवाचा भाऊ, हा फॉरवर्ड फिरत असतो. हे नाव इजिप्तच्या मध्य राज्याच्या काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या प्रदेशासाठी येतं. उच्चाराच्या साम्याशिवाय त्यात जोडण्यासारखं काही नाही.