पहिलं स्कूबा स्वस्तात कसं करावं, तेही पैसे पाण्यात न घालता

स्वस्तातलं पहिलं स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणं, फसतं ते बहुतेक वेळा पहिल्या तीन मिनिटांत. दोन मीटर खाली गेलं की कान दुखू लागतात, मास्कमध्ये पाणी शिरतं, माणूस घाबरून वर यायची खूण करतो आणि उरलेला वेळ बोटीत बसून दुसऱ्यांच्या बुडबुड्यांकडे बघतो. पैसे मात्र पूर्ण गेलेले असतात. घासाघीस करून वाचतात त्याहून जास्त पैसे वाचतात ते, दिलेला सगळा वेळ खाली शांतपणे राहता आलं तर. त्याची तयारी घरीच करता येते आणि ती फुकट आहे.

घरी : कान आणि फॉर्म

नाकपुड्या चिमटीत धरा, तोंड मिटा आणि नाकातून हलकेच हवा सोडायचा प्रयत्न करा. दोन्ही कानांत 'टक्' व्हायला हवं. घाट उतरताना दडे बसतात आणि सुटतात, तेच इथे मुद्दाम करायचं आहे. निघण्याआधी आठवडाभर रोज पाच-सहा वेळा करून बघा. एक कान हट्टी असेल तर तो वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करा, किंवा नाक धरूनच आवंढा गिळा. जोर लावायचा नाही, त्याने कानाच्या आतल्या भागाला इजा होऊ शकते.

एवढा खटाटोप कशासाठी? पाण्यावर दाब 1 बार (बार हे दाब मोजायचं एकक) असतो, 10 मीटरवर तो 2 बार होतो. दोन मीटर उतरलात की दाब पाचव्या हिश्श्याने वाढलेला असतो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. सर्दी असेल तर हवेची वाट बंद असते, म्हणून डाइव्ह पुढे ढकला. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरणं हा मार्ग नाही. तिचा असर खालीच संपला, तर वर येताना हवा कानात अडकते आणि ते दुखणं उतरतानाच्या दुखण्याहून वाईट.

आरोग्याचा फॉर्म आधीच मागवून घ्या. दमा, फिट्स, हृदयविकार, फुप्फुसाचं किंवा कानाचं ऑपरेशन, गर्भारपण यांबद्दल त्यात विचारलेलं असतं. एखाद्या प्रश्नाला 'हो' असेल तर डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि ते किनाऱ्यावर ऐनवेळी मिळत नाही. खोटं 'नाही' लिहून मोकळं होणारे बरेच असतात. त्यांच्यात जाऊ नका.

दिवस ठरवताना

सहलीच्या सुरुवातीचा दिवस घ्या. समुद्र खवळलेला निघाला तर दुसरा दिवस हाताशी राहतो. शेवटचा दिवस आणखी एका कारणाने टाळायचा : एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि एकाहून अधिक डाइव्ह झाल्या तर किमान 18 तास विमानात बसायचं नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. उंच डोंगराळ रस्त्यालाही तेच लागू. वेळ शक्यतो सकाळची घ्या, कारण दुपारी वारा वाढतो. नुकताच मोठा पाऊस झाला असेल तर नदीच्या मुखाजवळचं पाणी गढूळ असतं, तिथे पैसे घालू नका.

पैसे देण्याआधी विचारायचं

'किती मिनिटं?' या प्रश्नाला 'तास-दीड तास' असं उत्तर मिळालं तर त्यात बोटीचा प्रवास आणि कपडे बदलणंही धरलेलं असतं. नेमकं विचारा : डोकं पाण्याखाली गेल्यापासून बाहेर येईपर्यंत किती? बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने साधारण 2,400 लिटर हवा मावते. 50 बार राखीव ठेवले तर वापरायला 1,800 उरतात. घाबरलेला नवशिका मिनिटाला 25 लिटर घेतो असं धरू. सहा मीटरवर दाब 1.6 बार असल्यामुळे तेच 40 लिटर होतात. म्हणजे पाऊण तास हवा पुरते. दहा मिनिटांत वर आणत असतील तर कारण हवा नसते, एकाच सिलिंडरवर लागोपाठ माणसं उतरवायची असतात. तसं असेल तर भाव त्या हिशेबाने ठरवा.

दुसरा प्रश्न, एका प्रशिक्षकामागे किती जण? डायव्हिंग शिकवणाऱ्या 'पाडी' या संस्थेच्या नियमात अशा पहिल्या डाइव्हला समुद्रात जास्तीत जास्त 4 नवशिके, कमाल खोली 12 मीटर आणि किमान वय 10 वर्षं आहे. पोहता न येणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी नेतात, पण अशांनी एकास एक प्रशिक्षक मागावा. इथे काटकसर करू नये.

काटकसर करायची ती बोटीवर आणि फोटोंवर. किनाऱ्यावरून चालत उतरता येत असेल तर बोटीचा खर्च जातो. फोटो आणि व्हिडिओ किमतीत धरलेत का, ते आधी विचारा. पॅराशूट, बनाना राइड वगैरे जोडून दिलेलं 'पॅकेज' स्वस्त दिसतं, पण त्यात पाण्याखालची मिनिटंच कापलेली असतात. आणि पुढेही वारंवार उतरायचा बेत असेल तर एकेक हौशी डाइव्ह करत बसण्यापेक्षा ओपन वॉटर कोर्स परवडतो. त्यात 18 मीटरपर्यंतचं प्रमाणपत्र मिळतं.

किनाऱ्यावर : सामान तपासा

मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हवा आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली एक जरी केस अडकला तरी पाणी झिरपतं. मिशा असतील तर नाकाच्या लगतची बारीक पट्टी साफ करून जा. पट्टा आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कड दुमडते. काच धुकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून पाण्याने विसळायची. किळस वाटली तरी हा उपाय चालतो.

आता सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारं प्रेशर गेज हातात घ्या. काटा 200 च्या आसपास हवा. गेजकडे बघत रेग्युलेटरमधून (ज्यातून श्वास घेतात तो तोंडात धरायचा भाग) दोन-तीन खोल श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. लगेच सांगा. हवेला तेलाचा वास येत असेल तर तो सिलिंडर बदलून मागा.

कमरेएवढ्या पाण्यात तीन गोष्टी

हा सराव न करता थेट खोल पाण्यात सोडणारा स्वस्त असला तरी नको.

पहिली, फक्त तोंडाने श्वास. डोकं पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं नुसते श्वास घ्या. आत सावकाश, बाहेर त्याहून सावकाश. धाप लागल्यासारखं वाटतं ते हवा कमी पडल्यामुळे नव्हे, उच्छ्वास अर्धवट सोडल्यामुळे.

दुसरी, रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालणं. काढलेला असताना ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं. परत घातल्यावर आधी जोरात फुंकायचं, म्हणजे आतलं पाणी निघून जातं, मग श्वास घ्यायचा. फुंकायचं विसरलं की ठसका लागतो.

तिसरी, मास्कमधलं पाणी काढणं. यातच सगळे गडबडतात. मास्कची वरची कड कपाळावर तळहाताने दाबा, मान थोडी वर करा आणि नाकाने सावकाश हवा सोडत राहा. हवा वर साठते, पाणी खालून निघून जातं. खालची कड ओढायची गरज नाही.

खाली उतरताना

अंगठा वर केला की 'मस्त' असा अर्थ होत नाही, 'वर चला' असा होतो. फोटोसाठी अंगठा दाखवून वर आलेले कमी नाहीत. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ, काही बिघडलं असेल तर पंजा आडवा हलवून त्या जागेकडे बोट.

कान दुखायची वाट बघू नका. पाण्याखाली जाताच पहिल्यांदा आणि मग दर अर्ध्या मीटरला मोकळे करा. दुखलंच तर थांबा, अर्धा-एक मीटर वर या, पुन्हा प्रयत्न करा. तरीही सुटत नसेल तर तिथेच थांबायचं.

श्वास कधीच रोखायचा नाही. 10 मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते, आणि सगळ्यात झपाट्याने फुगते ती शेवटच्या काही मीटरमध्ये. त्यामुळे उथळ पाण्यातही श्वास रोखून वर येणं फुप्फुसाला धोक्याचं. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरहून अधिक नको. प्रवाळाला हात लावू नका. ते जिवंत असतं, आणि त्याचे ओरखडे लवकर बरे होत नाहीत.

वर आल्यावर

मास्कमध्ये रक्ताचे एक-दोन थेंब दिसले तर घाबरू नका, पण प्रशिक्षकाला दाखवा. बहुधा नाकाजवळच्या पोकळीवर दाब आलेला असतो. कानाचे दडे दुसऱ्या दिवशीही सुटले नाहीत किंवा चक्कर येत राहिली तर डॉक्टरकडे जा आणि तोवर पुन्हा उतरू नका. सांधे दुखणं, हातपाय मुंग्या आल्यासारखे होणं, छातीत दुखणं यातलं काही झालं तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि किती मीटरवर, किती मिनिटं होतात ते तिथे आधी सांगा.