कापडी नॅपी गळते, वास मारते? या चुका टाळा

कापडी नॅपीचे फायदे सगळ्यांना पाठ असतात: पैसे वाचतात, कचरा कमी होतो, बाळाच्या अंगाला मऊ सुती कापड लागतं. तरीही महिन्या-दोन महिन्यांत अनेक घरांत या नॅप्या कपाटात जातात आणि डायपरचं पाकीट येतं. बहुतेकदा बिघडलेलं असतं ते धुणं.

पहिली तक्रार गळण्याची. कोऱ्या सुती पॅडमध्ये (नॅपीतला ओल टिपणारा थर) कापसाचा नैसर्गिक तेलकटपणा असतो, त्यामुळे तो सुरुवातीला पाणी नीट शोषत नाही. वापरण्याआधी पाच-सहा वेळा धुवा. आजीचे जुन्या सुती साडीचे, धोतराचे लंगोट पहिल्याच दिवसापासून ओल टिपायचे, कारण ते कापड वर्षानुवर्षं धुतलेलं असायचं. (सिंथेटिक साडीचा लंगोट मात्र शिवू नका.)

आधी चांगली टिपणारी नॅपी आता गळू लागली असेल, तर कोरड्या पॅडवर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा वरच राहिला, तर कापडावर थर बसलाय. फॅब्रिक कंडिशनर हे नेहमीचं कारण. नॅप्यांना तो लावूच नका. दुसरं कारण आपल्याकडचं खास: मालिश. तेल चोपडलेल्या बाळाला अंघोळीपर्यंत रोजची नॅपी बांधली की तेल कापडात मुरतं. तेवढ्या वेळासाठी जुनं दुपटं वेगळं ठेवा. रॅशच्या जाड मलमाचंही तसंच. मलम लावलं तर मध्ये सुती फडकं घाला.

वासाचं गणित थोडं उलटं आहे. बाळाची त्वचा नाजूक म्हणून धुताना चिमूटभरच साबणाची पावडर टाकली जाते, लघवी पूर्ण निघत नाही आणि पुढच्या वेळी नॅपी ओली झाली की अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. आधी थंड पाण्यात खळबळून घ्या, मग कोमट-गरम पाण्यात पुरेशा पावडरने धुवा. मशीन ठासून भरू नका. बोअरच्या जड पाण्यात पावडर थोडी जास्त लागते. धुतलेली नॅपी साध्या गरम पाण्यात हलवून पाहा. फेस आला, तर साबण उरलाय, आणखी विसळा. दर वेळी जंतुनाशक ओतायची गरज नाही. शी आधी कमोडमध्ये टाका. नॅप्या रात्रभर बादलीत भिजवू नका: कुजका वास येतो, आणि रांगत्या बाळासाठी भरलेली बादली जीवघेणी ठरू शकते.

पर्यावरणाचा फायदाही धुण्यावरच ठरतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2008च्या अभ्यासात अडीच वर्षांच्या वापराचं कार्बन उत्सर्जन डिस्पोजेबलचं सुमारे 550 किलो आणि कापडीचं सरासरी 570 किलो निघालं होतं. पण पूर्ण भरलेलं (ठासलेलं नव्हे) मशीन, बाहेर दोरीवर वाळवणं आणि दुसऱ्या बाळाला त्याच नॅप्या, एवढं केलं की कापडीचे सुमारे 200 किलो कमी होत होते. म्हणजे ड्रायर नको.

कंबरेला दोन बोटं जातील इतकीच घट्ट बांधा. मायक्रोफायबरचा (बारीक कृत्रिम धाग्यांचा) पॅड थेट त्वचेला लावू नका. दर दोन-तीन तासांनी बदला, साधा लंगोट ओला झाल्याझाल्या. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा आणि कडेला बारीक पुरळ दिसली, तर ती बुरशी असू शकते. घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात जाड पॅड दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तेव्हा घडीचे पातळ लंगोट वापरा आणि उरलेली दमट इस्त्रीने घालवा. वरच्या वॉटरप्रूफ कव्हरवर मात्र इस्त्री फिरवू नका, त्याचा थर सुटतो.