टोकायी असू : बुरशी धरलेल्या द्राक्षांची गोड वाईन कशी करतात

हंगेरीच्या ईशान्येला, बोद्रोग आणि तिसा नद्यांच्या संगमाजवळ टोकायचे द्राक्षमळे आहेत. शरदात इथे सकाळी नदीवरून धुकं चढतं आणि दुपारी स्वच्छ ऊन पडतं. अशा हवेत पिकलेल्या द्राक्षावर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. ती सालीला बारीक छिद्रं पाडते, मण्यातलं पाणी उडून जातं आणि साखर, आम्ल, सुगंध घट्ट होत जातात. ऊन न पडता पाऊसच लागून राहिला, तर तीच बुरशी करडी कूज होऊन घड नासवते. म्हणून दर वर्षी चांगली असू होईलच असं नाही.

मणी वेचणं

मुख्य जात फुर्मिंट. उशिरा पिकते आणि तिचं आम्ल खणखणीत असतं. ते नसेल तर ही वाईन नुसता पाक लागेल. जोडीला हार्शलेवेल्यू आणि पिवळी मस्कत. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, एकाच वेलीवर अनेक फेऱ्या होतात. घड तोडायचा नाही, एकेक मणी वेचायचा. चॉकलेटी-जांभळा, सुरकुतलेला आणि दाबला तर आत लगदा लागेल असा मणी घ्या. पाणी गळणारा किंवा व्हिनेगरचा वास येणारा मणी टाकून द्या. असे थोडे जरी मिसळले तरी पुढे सगळ्या पिंपाला आंबूस वास येतो. सरावलेला माणूसही दिवसाला आठ-दहा किलोच वेचतो.

साठवलेल्या मण्यांतून स्वतःच्याच भाराने जो रस ठिबकतो, ती एसेंसिया. लिटरला किमान 450 ग्रॅम साखर! ती वेगळी ठेवतात. आंबायला वर्षं लागतात.

भिजवणं

जुनं माप असं : ग्योन्त्स गावचं पिंप 136 लिटरचं आणि पुत्तोन्य म्हणजे साधारण 25 किलोची टोपली. एका पिंपाला जितक्या टोपल्या मणी, तितक्या पुत्तोन्यची असू. पाच पुत्तोन्य म्हणजे 125 किलो, सहा म्हणजे 150. ढोबळमानाने लिटरला एक किलो. 2013 च्या नियमांपासून टोपल्या मोजत नाहीत, साखर मोजतात : असूला लिटरमागे किमान 120 ग्रॅम शिल्लक साखर हवी.

मणी हलके चेचून ताज्या रसात, आंबत्या रसात किंवा तयार वाईनमध्ये भिजवतात. बिया फुटू देऊ नका, कडवटपणा तिथूनच येतो. बहुतेकजण 24 ते 48 तास ठेवतात आणि मधूनमधून ढवळतात. लवकर काढलं तर साखर मण्यातच राहते, फार ठेवलं तर साल कडू उतरते. तयार वाईनमधल्या अल्कोहोलमुळे ही कडू चव लवकर उतरते, तेव्हा तिथे वारंवार चाखून बघावं. मग हळूहळू, कमी दाबाने पिळून घ्यायचं.

आंबवणं आणि मुरवणं

इतक्या साखरेत यीस्टचा दम निघतो. आधी थोड्या रसात यीस्ट रुळू द्या, मगच मोठ्या पिंपात घाला. 10-12 अंशांच्या तळघरात आठवडे, कधी महिने लागतात. यीस्ट कमजोर पडलं की व्हिनेगरी आम्ल वाढतं. अल्कोहोल किमान 9 टक्के हवं. बोट्रायटिसचं लॅकेज हे विकर वाईन तपकिरी करतं, म्हणून सल्फाइट (वाईन टिकवणारं गंधकाचं संयुग) कोरड्या वाईनपेक्षा जास्त लागतं. बुरशीतला चिकट ग्लुकन फिल्टर तुंबवतो. आधी गाळ बसू द्या, वरची वाईन दुसऱ्या पिंपात काढा.

ओकच्या पिंपात किमान 18 महिने. तळघराच्या भिंतींवरची काळी मखमली बुरशी अल्कोहोलच्या वाफेवर जगते. ती कुणी खरवडत नाही. बाटली अर्ध्या लिटरची. भरण्याआधी यीस्ट पूर्ण गाळून काढा, नाहीतर उरलेल्या साखरेवर ते पुन्हा जागं होऊन बूच ढकलतं.

बेदाणे चालतील का?

तासगावचे बेदाणे भिजवून गोड वाईन होईल, असू नाही. बेदाणा नुसता सुकतो. बुरशीने येणारी मध-जर्दाळूची चव त्यात नसते. शिवाय त्यावर डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून लावलेलं तेल) असतं, आणि गंधकाची धुरी दिलेली असेल तर यीस्ट अडखळतं.

पिळून उरलेला असूचा चोथाही टाकत नाहीत. त्यावर ताजा रस ओतून पुन्हा आंबवतात. ही फोर्दिताश, गोडीला जरा हलकी आणि किंचित तुरट.