बडोद्यात घरी मृत्यू झाला तर अंत्यविधीची व्यवस्था कशी करावी

गेल्या वीसेक वर्षांत दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातल्या बऱ्याच मराठी घरांतून मला रात्री-अपरात्री फोन आलेत. दर वेळी मी पोचायच्या आत तिथे चार सल्लागार पोचलेले असतात. एक म्हणतो गुरुजींना आधी कळवा, दुसरा म्हणतो हार-फुलं आणा, तिसरा 'दुःखद निधन' ग्रुपवर टाकून मोकळा झालेला असतो. या सगळ्यांना बाहेर खुर्च्या मांडायला लावा.

आधी डॉक्टर. तेही ज्यांचं औषध चालू होतं तेच. घरी झालेल्या मृत्यूच्या कारणाचा दाखला ४-अ नमुन्यात मिळतो. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच तो द्यायचा असतो, आणि त्याची फी कायद्याने घेता येत नाही. माणूस पडून, भाजून गेला असेल किंवा नेमकं काय झालं ते कळत नसेल, तर डॉक्टर तो देणार नाहीत. तिथे हुज्जत घालू नका, पोलिसांना कळवा. पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टर समोर असतानाच सांगा, कारण चितेत त्याची बॅटरी फुटते. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद आणि मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस.

मग दुकान. अंत्यविधीच्या सामानाची आपल्याकडची बरीच दुकानं पिढीजात आहेत: आजोबांनी सुरू केलेलं, आता नातू बसतो, आणि घर वरच्या मजल्यावर असल्यामुळे पहाटे तीनलाही कोणीतरी उठतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "केटला वाग्ये काढवाना छे?" वेळ ठरली नसेल तर तसं सांगा, अंदाजपंचे सांगू नका, कारण शववाहिनी आणि तिरडी बांधणारा माणूस त्या वेळेवर सुटतो. मुलगा अमेरिकेहून यायचा असेल तर बर्फाची पेटी तेव्हाच मागून घ्या. आणि 'महाराष्ट्रीयन' हा शब्द न विसरता उच्चारा. नाहीतर चार कोपऱ्यांना नारळ बांधायची गुजराती ननामी येते, आणि मडकं, शिंकाळं आणायला पुन्हा कोणाला तरी पळावं लागतं. भाव आधी विचारा, पण घासाघीस करू नका. जो माणूस येऊन आपल्या हातांनी गाठी बांधणार आहे त्याच्याशी पन्नास रुपयांवरून वाद घालणारे लोक मी पाहिलेत, आणि मलाच लाज वाटली आहे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर तिरडी खाली पार्किंगमध्येच बांधायला सांगा. लिफ्टमध्ये ती मावत नाही.

गुरुजींना शाखा सांगा, ऋग्वेदी की यजुर्वेदी. बाकी ते बघतात.

आता जिथे मी स्वतः तोंडावर आपटलो ती गोष्ट. ती म्हणजे नाव.

माझी आत्या घरीच गेली. सगळं नीट चाललं होतं. स्मशानातल्या खिडकीपलीकडून "नाम?" असं आलं आणि मी, जन्म बडोद्यात गेलेला, सवयीने "सुशीलाबेन" म्हणून गेलो. कारकुनाने तसंच लिहिलं, त्याची काहीच चूक नव्हती. पावतीवरचं 'सुशीलाबेन' नोंदीत गेलं, नोंदीतून मृत्यूच्या दाखल्यावर आलं. आधारवर होतं नुसतं 'सुशीला'. आणि लग्नाआधीची एक जुनी विमा पॉलिसी निघाली ती 'कुसुम' नावाने, कारण आपल्याकडे लग्नात नाव बदलायची हौस. एका बँकेचं म्हणणं पडलं की या तीन बाया आहेत. प्रतिज्ञापत्र, हकीकत माहीत असलेली दोन भरवशाची माणसं, पुन्हा अर्ज. दुरुस्ती होऊन आत्याचे पैसे काकांच्या हातात पडायला सात महिने गेले, आणि त्यातले पहिले दोन तर चूक कुठे झाली ते मान्य करण्यातच मी घालवले.

म्हणून माझा हट्ट असा: खिडकीवर नाव तोंडाने सांगायचंच नाही. आधार कार्ड पुढे करायचं आणि "जसं आहे तसं लिहा" म्हणायचं. गुजरातेत 'भाई' आणि 'बेन' आदराने आपोआप चिकटतात, आपल्या जुन्या लोकांच्या नावामागे 'राव' लागतो. रेशन कार्डावर दत्तात्रयराव, सोसायटीच्या पाटीवर दत्तात्रयभाई, आधारवर दत्तात्रय, असा माणूस बडोद्यात प्रत्येक गल्लीत आहे. त्यात आपण आडनाव शेवटी लिहितो, इथल्या कागदांवर ते बहुधा आधी येतं, आणि घाईत नवऱ्याच्या नावालाच आडनाव समजणारे महाभाग भेटतात. "नंतर दुरुस्त होईल हो" हे वाक्य जो कोणी म्हणेल त्याला त्या दिवशी एकही कागद हाताळू देऊ नका. दुरुस्ती होते. कशी होते ते मी सांगितलंच.

आधारवरच चूक असेल तर? मी तीच चूक लिहायला सांगतो. बँक आधारशी ताडून बघणार, शाळेच्या दाखल्याशी नाही.

नावाच्या जोडीला तारीख. रात्री साडेबाराला प्राण गेला की घरातले सगळे "काल रात्री" म्हणतात, आणि कागदावर आदल्या दिवसाची तारीख पडते. सरकारी दिवस मध्यरात्री बदलतो. गुरुजी तिथी धरतील ती पंचांगाच्या हिशेबाने, ती श्राद्धाला लक्षात ठेवा, पण कागदात मिसळू नका. डॉक्टरांच्या ४-अ वर जी तारीख-वेळ आहे तीच पावतीवर हवी. शिक्का पडायच्या आधी गुजराती आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं वाचा; इंग्रजीत 'शी'ला एक आय की दोन ई, यावरूनसुद्धा अर्ज परत आलेला आहे.

आणि हे काम मुलाला देऊ नका. त्याला त्या दिवशी स्वतःचं नाव विचारलं तरी चुकेल. जावई, शेजारी, ऑफिसातला मित्र, ज्याचे डोळे कोरडे आहेत तो जाऊ दे.

खासवाडीच्या स्मशानात नेणार असाल तर गॅस की लाकूड ते निघण्यापूर्वीच घरात ठरवा, दारात नाही. लाकूड मणात मोजतात आणि इथला मण २० किलोंचा. गॅसवर अस्थी त्याच दिवशी मिळतात. मडकं फोडलेला दगड, म्हणजे अश्मा, दहाव्यापर्यंत लागतो. तो एकाच माणसाकडे द्या आणि कोणाकडे आहे ते चार जणांना सांगा. पँटच्या खिशातून वॉशिंग मशिनमध्ये गेलेला अश्मा मी स्वतः काढलेला आहे.

घरी झालेल्या मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, असा १९६९ च्या कायद्याखालचा नियम आहे. हॉस्पिटलमध्ये गेला असेल तर कळवण्याचं काम हॉस्पिटलचं, पण नाव तिथेही तुम्हीच वाचा. क्यूआर कोडचा दाखला आता सरकारी पोर्टलवरून उतरवता येतो, त्यामुळे पंचवीस झेरॉक्स मारून ठेवायचे दिवस गेले.

अस्थींसाठी बडोद्याचे लोक चांदोदला जातात, नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वतीच्या संगमावर. दहावाही तिथेच उरकणारे पुष्कळ. सकाळी लवकर निघा, उन्हाळ्यात घाट तापतो. कावळा लगेच शिवला नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, तेही शास्त्रात बसतं. तोवर घाटावर उभं राहून कोणाची कोणती इच्छा राहिली याची चर्चा सुरू करणाऱ्या नातेवाइकाला चहा आणायला पाठवा.