बुलडॉगला पळवू नका, आणि त्याला खोबरेल लावू नका: या चुका टाळा

एप्रिल लागला की माझा फोन वाजायला लागतो. सुरुवात ठरलेली असते: "दादा, काल संध्याकाळपर्यंत बरा होता हो." मी डॉक्टर नाही. ताळगावला माझ्या घरी सध्या आहे तो तिसरा बुलडॉग, नाव पात्रांव, म्हणजे मालक, कारण दिवसभर स्वतः काही करत नाही आणि घरच्या सगळ्यांना कामाला लावतो. तीन कुत्रे सांभाळताना मीही चुका केल्या, नाही असं नाही. पण लोक अजून त्याच चुका करताना दिसले की डोकं फिरतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "गोव्यात कुठे नागपूरसारखं ऊन?" हा समज. मे महिन्यात आपल्याकडे पारा ३३-३४ वर असतो, मान्य. पण कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंग निववायला त्याच्याकडे धाप हाच उपाय. जिभेवरचा ओलावा हवेत उडाला तर अंग निवणार, आणि आपली हवा आधीच पाण्याने जड झालेली. त्यात बुलडॉगच्या नाकपुड्या बारीक फटीएवढ्या, टाळूचा मऊ पडदा लांबून घशात आलेला, श्वासनलिका अरुंद. धापा टाकताटाकताच घशाला सूज येते आणि उरलीसुरली वाटही बुजते.

आमच्या वाड्यावरच्या एका पोराने अकरा महिन्यांचा बुलडॉग मे महिन्यात, दुपारी साडेचारला, मिरामारला नेला. पोरगा जिमवाला. नाव बुलडॉग म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर धिरयोतला, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या झुंजीतला, बैल. बैलांवर कुत्रे सोडायचा खेळ इंग्लंडने १८३५ मध्ये कायद्याने बंद केला. त्या खेळातला कुत्रा उंच पायांचा आणि चपळ होता, आताचा हा गोल ठोकळा माणसाने नंतर हौसेने घडवलेला. पण हे ऐकायला वेळ कोणाला? वाळूत वीसेक मिनिटं चेंडूमागे पळवला. मग मला फोन: "दादा, बसलाय तो उठतच नाही."

मी स्कूटर घेऊन पोचलो तर कुत्रा गाडीत मागच्या सीटवर, अंगावर ओला जाड टॉवेल गच्च गुंडाळलेला. हिरड्या विटेसारख्या लाल, तोंडाला चिकट फेस, डोळे कुठेतरी लागलेले. टॉवेल आधी काढून फेकला. गुंडाळलेला टॉवेल थोड्याच वेळात तापतो आणि आतली गरमी आतच कोंडतो. एका गाड्यावरून पाण्याचा मोठा कॅन उचलला, पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहिलो आणि पोराला पुठ्ठ्याने वारा घालायला लावला. ओलं अंग आणि वरून वारा, असं दोन्ही हवं. तोंडात पाणी ओतू दिलं नाही. शुद्धीत नसलेल्या कुत्र्याच्या ते फुप्फुसात जातं. मग खिडक्या उघड्या ठेवून डॉक्टरकडे. एवढं करूनही तिथे ताप भरला ४१.४ अंश सेल्सियस. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२. तीन दिवस सलाईनवर काढून वाचला. डॉक्टरांनी पोराला एवढंच विचारलं, "घाई कसली होती?"

माझी सवय सांगतो. मार्च ते जून पात्रांवला पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, यायच्या आधी फिरवतो, पंधरा मिनिटं, त्याच्या चालीने. तो बसला की मीही कुंपणाच्या गडग्यावर बसतो. फिरताना घशातून घरघर आली की तिथूनच मागे. लाईट गेली की पंख्यासाठी इन्व्हर्टर आहे, आणि न्हाणीघराची फरशी त्याच्यासाठी कायम मोकळी. ज्याला रोज पाच किलोमीटर पळायला जोडीदार हवा त्याने गावठी कुत्रा पाळावा. तो याच मातीतला आहे, पळेलही आणि निरोगीही राहील.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे खोबरेल. आपल्याकडे केसापासून भाजलेल्या बोटापर्यंत सगळ्याला खोबरेल, मग बुलडॉगच्या तोंडावरच्या घड्या कशा सुटतील? पावसाळ्यात त्या घडीत लाळ, डोळ्यांचं पाणी आणि दमट हवा साठते, वर तेलाचा थर दिला की बुरशीला आयतं घर मिळतं. माझ्या पहिल्या कुत्रीला मीच लावलं होतं, आईच्या सांगण्यावरून. आठ दिवसांत घडी लाल, वास असा की पाहुणे उठून गेले. आता रोज रात्री जेवणानंतर मऊ सुती फडकं कोमट पाण्यात पिळून घडी पुसतो आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपतो. टिपणं जास्त महत्त्वाचं. पावडर घातली तर तिचा चिखल होतो. आणि शेपटीखाली बघा! बऱ्याच बुलडॉगची शेपटी पिळलेली, आत शिरलेली असते, तिच्याखाली खळगा असतो. वर्ष-वर्ष तो उघडून न पाहिलेले मालक मला भेटलेत. कुत्रा ढुंगण घासत बसतो आणि हे जंताचं औषध देतात.

घोरण्याचे व्हिडिओ काढून हसत बसू नका. झोपेत श्वास तुटत असेल, दचकून उठत असेल, बसल्या बसल्या मान वर करून झोपत असेल तर डॉक्टरला दाखवा. नाकपुड्या रुंद करायची आणि टाळू कापून कमी करायची शस्त्रक्रिया होते.

गळपट्टा नको, छातीचा पट्टा घ्या.

तळी, विहीर, स्विमिंग पूल यांपासून लांब. डोकं आणि छाती जड, पाय आखूड, त्यामुळे बहुतेक बुलडॉग सरळ तळाला जातात.

रोज सकाळी पोईचा पाव नको. वजन वाढलं की पहिला फटका श्वासाला, मग सांध्यांना. चवथीच्या नेवऱ्यांतले, म्हणजे करंज्यांतले, मनुके तर एकही नको, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते विष ठरू शकतात.

डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळी दिसली तर ती डोळ्यातली ग्रंथी बाहेर आलेली असते. ती बसवून घ्यायची, कापून टाकायची नाही. अश्रू तिथेही तयार होतात.

आणि घेतानाच दुप्पट पैसे मोजून ठिपक्याठिपक्यांचा 'मर्ल' रंग आणू नका. जातीच्या मान्य रंगांत तो नाही, आणि मर्लला मर्ल लावून काढलेली पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघू शकतात. रंगाऐवजी पिल्लाची आई बघायला मागा. ती अंगणात दोन फेऱ्या मारून तोंड मिटून श्वास घेते का, एवढंच बघा. बुलडॉगच्या मादीचं बाळंतपण बहुतेकदा सिझेरियननेच होतं, तेव्हा तिच्या पोटावरचे टाके किती वेळा घातले तेही विचारा. विकणारा म्हणाला, "आई गावाला आहे," तर चहा पिऊन घरी या.