बोटीची मोटर तापली? आधी धार बघा
पानशेतला आउटबोर्ड मोटरचा (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या मोटरचा) तापल्याचा भोंगा वाजला, की गती कमी करून मोटरमागची पाण्याची बारीक धार बघा; मोटर थंड करणारं पाणी फिरतंय, हे तीच दाखवते. धार नसेल तर इंजिन लगेच बंद करा, मोटर वर उचला. खाली पाणी ओढणाऱ्या जाळीला पाणगवत नाहीतर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. जाळी साफ असेल तर धारेच्या भोकात बारीक तार हलकेच फिरवा. गाळाने ते बुजतं. तरीही धार नाही? मग पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, काढा. पाती एका बाजूला वाकून कडक झाली असतील तर बदलाच. एखादं पातं तुटलं असेल तर तुकडा शोधा, तो पुढच्या नळीत अडकतो. धार जोरदार असूनही तापत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार थंड करणारं पाणी सोडणारी झडप, तपासा. घरी मोटर कोरडी मात्र कधीच चालवू नका, पाण्याशिवाय इम्पेलर काही क्षणांतच खराब होतो.